मातीची मेंढरं

अंबूला बासष्ट मिळाले म्हणून तात्याबानं पेढे आणले. अंबू म्हणजे त्याच्या लेकीची लेक, नऊ वर्षांची, तिसरीत शिकणारी. आणि बासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास. सोलापुरातल्या त्या अध्यापक महाविद्यालयात शिपाईगिरी करण्यात तात्याबाची अकरा वर्षं गेली होती. निकाल लागला की साठाच्या वरचा माणूस बोर्डापासून कसा चालत जातो आणि खालचा कसा, हे त्यानं दरसाल पाहिलं होतं.

आकडा त्यानं स्वतः वाचला होता, त्याचंच जास्त अप्रूप. पंचेचाळिसाव्या वर्षी, मिशा पांढऱ्या झाल्यावर, तो प्रौढांच्या वर्गात बसून अक्षरं शिकला. जोडाक्षरं तर अंबूनंच त्याच्याकडून गिरवून घेतली. तेव्हापासून समोर येईल ते तो वाचायचा. दुकानाची पाटी म्हणू नका, औषधाची बाटली म्हणू नका, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायचा नाही. त्या शनिवारी महाविद्यालयातल्या हिरेमठबाईंनी त्याला मुलांच्या परीक्षेची कार्डं शाळावार लावून गठ्ठे बांधायला सांगितलं आणि तिसऱ्या गठ्ठ्यात त्याला अंबू सापडली. 'अंबू बिरप्पा लवटे. वय ९. बुद्ध्यंक ६२.' मधला शब्द त्याला नीट फोडता आला नाही. पण त्यात बुद्धी आहे एवढं कळलं, आणि पुढचा आकडा तर लख्ख होता. दुपारच्या सुट्टीत सायकल मारून तो घरी ओरडून आला आणि येताना पेढे घेऊन आला.

हिरेमठबाई मुलांच्या मनाचं शास्त्र शिकलेल्या. तीन वर्षं त्या पेठापेठांतल्या शाळांतून फिरत होत्या. एकेका मुलाला समोर बसवायचं, ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारायचे, पोर काय बोललं, कुठं अडलं, झोपेत दचकतं का, शाळेला यायला रडतं का, सगळं कार्डावर उतरवायचं. अशी दोनशे चाळीस कार्डं जमली होती. सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं ती घेऊन बाई पुण्याला विद्यापीठात जाणार होत्या.

बाईंची एक गोष्ट तात्याबाला फार आवडायची. परदेशी पुस्तकात मुलांपुढं लाकडी ठोकळे मांडायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "आपली पोरं ठोकळे बघून बुजतात. त्यांच्या ओळखीचं काहीतरी हवं." आणि कुंभाराकडून त्यांनी मातीची चोवीस मेंढरं करून घेतली. ती पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून तात्याबानंच सगळ्या शाळांतून नेली. आत मात्र त्याला जाता येत नसे. परीक्षा चालू असताना खोलीत बाई आणि मूल, तिसरं कुणी नाही. संध्याकाळी पेटी कपाटात ठेवताना साहित्याच्या वहीत सही करायची. 'मेंढ्या २४' हे गुरप्पा कारकून आधीच लिहून ठेवायचा. तात्याबा पेटीत डोकावायचा आणि पुढं सही ठोकायचा.

या गुरप्पानं दोन पेढे खाल्ले, तिसरा उचलला आणि मग विचारलं, "कशाचे रे?"

"नातीचे. बाईंच्या परीक्षेत बासष्ट पडले."

"किती?"

"साठावर दोन."

तिसरा पेढा गुरप्पाच्या हातातच राहिला. "अरे बाबा, ते शंभरपैकी नसतं. शंभर म्हणजे वयाच्या बरोबरीचं पोर. त्याच्या खाली जाईल तसं मागं. सत्तरच्या आत गेलं की मंद."

"मंजी नापास?"

"पास-नापास नसतंच त्यात."

"मग परीक्षा कसली?"

"ते बाईंना विचार. मी एवढंच सांगतो, सत्तरच्या आतल्यांची यादी मीच टाइप केलीय. उद्याच्या जूनपासून ती पोरं वेगळ्या वर्गात. तुझी नात चौथीत जात नाही. तिथं कागदाच्या पिशव्या करायच्या अन् गाणी म्हणायची." गुरप्पाला त्याचं तोंड बघवेना. तो म्हणाला, "पेढे मात्र झकास आहेत हां. कुठले?"

उरलेले पेढे खिशात घालून तात्याबा संध्याकाळी विजापूर नाक्याकडं, घरी निघाला. सायकल हातात धरून चालत निघाला, कारण बसून पायडल मारायचं त्याला सुचलंच नाही. आकडा तोच. सकाळी तो वर होता, दुपारी खाली गेला. असा कसा एकच आकडा माणसाला खांद्यावर घेतो आणि तोच आपटतो? जिनं त्याला 'बुद्ध्यंक'मधला 'द्ध्य' कसा लिहायचा ते शिकवलं असतं, त्या पोरीची बुद्धी कमी, आणि ज्याला तो वाचता आला नाही तो पेढे वाटत हिंडतोय.

घरी लेक मायाक्का भाकरी थापत होती. जावई बिरप्पा गिरणीतून अजून यायचा होता. तात्याबानं सगळं सांगितलं तेव्हा मायाक्कानं काठवटीवर हात आपटला. "अण्णा, कुणाचं ऐकू मी? दुपारी सायकलवरनं बोंबलत आलात फस्क्लास म्हणून. शेजारणीला साखर दिली मी! आता म्हणताय पोरगी मंद. एक काय ते ठरवून घरात या की."

"मलाच ठरंना झालंय, माये."

"चौथीत न्हाई बसवली तर हिचा बाप शाळाच बंद करंल. म्हणंल, पिशव्याच करायच्या तर घरी कर."

अंबू अंगणात गजगे खेळत होती. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे. डाव मोठा होता आणि मोजणी तोंडानं घडाघडा चालली होती, मध्ये कुठं अडखळणं नाही. तात्याबा उकिडवा बसून ऐकत राहिला. मग म्हणाला, "अंबे, त्या बाईंनी काय विचारलं गं तुला?"

"मेंढरं मांडली. मातीची. म्हणाल्या, मोज किती हायती."

"मग?"

"न्हाई मोजली."

"येत न्हाई मोजाय?"

अंबूनं त्याच्याकडं असं बघितलं की मंद कोण, हे त्याचं त्यालाच कळेना. "तूच की वरडला होतास, आज्या. मेंढरं मोजायची नस्त्यात म्हणून."

वरडला होता. नुसता वरडला नव्हता. बिरप्पाचा मेंढरांचा खांडवा तेव्हा सांगोल्याकडं होता. लवट्यांच्यात काय किंवा तात्याबाच्या घरात काय, बोट करून मेंढरं मोजत नाहीत, नजर लागते. संध्याकाळी वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या तोंडाशी उभं राहायचं, एकेक आत सोडायचं आणि बघायचं, कोण आलं नाही. तात्याबा सुट्टीला गेला तेव्हा अंबू सहा वर्षांची होती, नुकती शंभरापर्यंत शिकली होती. आज्याला दाखवायला म्हणून तिनं मोठ्या ऐटीत बोट करून सगळा खांडवा मोजला आणि तात्याबानं तिच्या हातावर फाडकन मारलं. ते साल बहात्तरचं. पाणी पडलं नाही, पाला मिळाला नाही. निम्मी मेंढरं मेली, निम्मी खाटकाला गेली, आणि बिरप्पा सोलापूरला गिरणीत आला. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. पोरीला तर कुणी शब्दानं काही म्हणालं नाही.

अंबू गजगे गोळा करत म्हणाली, "मी मोजली अन् ती मेली. बाईंची बी मेली असती."

मातीची मेंढरं मरत नाहीत म्हणावं, तर खरी कशानं मेली ते सांगावं लागणार. दुष्काळानं मेली म्हणावं, तर मग मारलं कशाला? आणि तसं पाहिलं तर, मोजल्यानं मेली नाहीत हे तरी छातीवर हात ठेवून त्याला कुठं सांगता येत होतं? त्यानं खिशातला पेढा काढून तिच्या हातावर ठेवला, त्याच हातावर.

"हे कशाचं?" अंबूनं विचारलं.

"ते अजून ठरायचंय," तात्याबा म्हणाला.

रविवार कसाबसा गेला. सोमवारी दुपारी तो अंबूला घेऊनच महाविद्यालयात आला. बाई गठ्ठे ट्रंकेत भरत होत्या. तात्याबा दारातच बोलायला लागला आणि पहिल्या वाक्याला बाईंनी हात वर केला.

"तात्याबा, प्रत्येक आईबापाला असंच वाटतं. तीन प्रश्न ओळीनं राहिले की थांबायचं, हा नियम आहे. सगळ्यांना एकच नियम. तो माझ्या शिपायाच्या नातीसाठी मोडला, तर मग या कार्डांना अर्थ काय?"

"मोडू नका बाई. पर ते तिन्ही सवाल मेंढरांचेच हायती न्हवं?"

"हो. मोज, त्यातली पाच काढ, उरली किती सांग."

"आन् आमी मेंढरं मोजत न्हाई."

बाई ट्रंकेपाशीच खाली बसल्या. तात्याबानं वाघरीचं सांगितलं, नजरेचं सांगितलं, फटक्याचंही सांगितलं. ते सांगताना अंबूकडं बघायचं त्यानं टाळलं. बाईंनी ट्रंकेचं झाकण लोटलं. मग म्हणाल्या, "पेटी आणा."

मेंढरं टेबलावर मांडली गेली. बाईंनी अंबूला भिंतीकडं तोंड करायला लावलं आणि तीन उचलून पदराखाली घेतली. "बघ आता."

अंबू वळली. बोट उचललं नाही, ओठ हलले नाहीत. नुसती एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "कान तुटका न्हाई. पाठीवर अंगठा उठल्याला न्हाई. आन् ती लहानी, मान वाकडी करून बघती ती."

बाईंनी पदराखालची तीन बाहेर काढली आणि चष्मा वर करून एकेक निरखली. तीन वर्षं ती त्यांच्या हातात होती. त्यातल्या एकीचा कान तुटका आहे हे त्यांना आज कळत होतं.

"किती गेली होती?" त्यांनी विचारलं. अंबू गप्प.

मग बाईंनी खडूचं खोकं टेबलावर पालथं केलं. अंबूनं खडू मोजले, त्यातले पाच काढले, उरलेले सांगितले, आणि विचारलं नसताना सांगितलं की निम्मे केले तर एक मोडावा लागेल. बाईंनी अंबूचं कार्ड घेतलं, तांबड्या शाईनं आकड्यावर रेघ ओढली आणि लिहिलं: 'ही चाचणी रद्द.' आपल्याकडच्या यादीतलं नाव खोडलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना चार ओळींची चिठ्ठी लिहून तात्याबाच्या हातात दिली. "चौथीत बसवा म्हणून लिहिलंय."

तात्याबानं ती दोनदा वाचली. काम झालं होतं. तरी बाई उठेनात. ट्रंकेतले गठ्ठे त्यांनी पुन्हा सोडले आणि मेंढरांच्या तिसऱ्या प्रश्नावर थांबलेली कार्डं वेगळी काढू लागल्या. एकतीस निघाली.

"यात लवटे दोन, कोळेकर चार, मेंढपाळांचीच पोरं. ते समजलं," बाई म्हणाल्या. "पण हा गुंडा नावाचा पोरगा बघा. हा विणकरांचा. याच्या घरी कुठं आलीत मेंढरं?"

"त्याच्या घरी तेलुगू बोलत्यात बाई. त्याला 'उरली किती' कळलं असंल का?"

"आणि ही गुरम्मा?"

"म्हायती न्हाई."

"मलाही नाही." बाईंनी कपाळ दाबलं. "काही खरोखरच मागं असतील, तात्याबा. त्यांना वेगळा वर्ग हवाच आहे. पण कोण, ते आता मी कशावरून सांगू?"

त्या शिकलेल्या, तो काल-परवा अक्षर ओळखायला लागलेला. पण त्या घटकेला दोघं त्या कार्डांकडं सारखीच बघत होती. घड्याळात पाच वाजून गेले. गुरप्पा दारात येऊन म्हणाला, "बाई, टांगा थांबलाय."

"परत पाठवा. आणि शाळांना गेलेल्या याद्या परत मागवून घ्या."

"अहो, पण विद्यापीठ..."

"विद्यापीठ आहे तिथंच राहील, गुरप्पा."

गुरप्पानं तात्याबाकडं असं बघितलं, की हे सगळं तुझ्या पेढ्यांनी केलं. मग पुटपुटत त्यानं साहित्याची वही पुढं सरकवली. "कर सही. मेंढ्या चोवीस."

तात्याबानं मेंढरं पेटीत भरली, पेन घेतलं आणि ते कागदावर टेकेना. अकरा वर्षांत कपाटातली एकूणएक वस्तू त्यानं मोजून ठेवली होती. डस्टर, नकाशे, शाईच्या दौती. ही मेंढरं तीन वर्षांत एकदाही मोजली नव्हती. रोज पेटीत डोकावायचा, सगळ्यांची तोंडं बघायचा आणि सही करायचा. मग बाईंनी त्याला समोर बसवलं असतं, तर त्याचा आकडा किती आला असता?

आज मोजावी म्हणून त्यानं बोट उचललं. अंबू पेटीवर वाकून त्या बोटाकडं बघत होती. बोट तसंच हवेत राहिलं.

"सगळी हायती, आज्या," ती हळूच म्हणाली.

तात्याबानं सही केली.