स्वखुशीने

ताईबाईच्या बेंबीजवळची गाठ पहिल्यांदा पाहिली ती तिच्या धाकट्या जावेने, सुलक्षणाने. डोक्यावरचा हंडा उतरवताना पदर सरकला आणि पोटावर लिंबाएवढा फुगवटा दिसला. "अक्का, पोट सांभाळा बरं," एवढं म्हणून सुलक्षणाने रिकामा हंडा पुढे केला. विहिरीच्या अजून दोन खेपा बाकी होत्या.

बोरीकाठच्या त्या गावात नळाला आठवड्याने पाणी येतं, म्हणून मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला, ताईबाईच्या बांगड्या फुटल्या आणि त्या दिवसापासून घरभराचं पाणी तिच्या डोक्यावर आलं. मूलबाळ नव्हतं, तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. विधवेची सावली हळदीवर चालत नाही, पण तिने वाहिलेल्या पाण्यात हळद खुशाल कालवतात! असल्या शास्त्राला आमच्याकडे घराण्याची रीत म्हणतात, आणि ती पाळणारे कपाळाला गंध लावून हिंडतात.

धुळ्याच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, मशेरी बंद, खोकला आधी बरा करायचा, बीपीची गोळी चुकवायची नाही, वजन अजिबात उचलायचं नाही. दवाखान्यात मोफत ऑपरेशनच्या सरकारी योजनेचं टेबल सांभाळणाऱ्या नूतनने कागद सांगितले. आधार, रक्ताचे रिपोर्ट आणि रेशनकार्ड.

घरी येऊन ताईबाईने ती चिठ्ठी कणकेने पाण्याच्या हंड्यांवरच्या भिंतीला चिकटवली. दुसऱ्या दिवशी सुलक्षणा स्वतः विहिरीवर गेली आणि तिसऱ्या खेपेला कंबर धरून बसली. ताईबाई ओट्यावर मेथी निवडत होती. मशेरी सुटल्याने तिचं डोकं ठणकत होतं, पण जावेला पाहून तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं! कुणाला हा कोतेपणा वाटत असेल, तर त्याने बारा वर्षं त्या विहिरीवर जाऊन यावं आणि मग बोलावं.

रेशनकार्ड दिराच्या, म्हणजे सुलक्षणाच्या नवऱ्याच्या, धनसिंगच्या कपाटात होतं. "वहिनी, तुम्ही फिकीर नका करू. कार्ड मी दवाखानामा ली येसू," तो गोड आवाजात म्हणाला. बारा वर्षांत ज्याने तिला पाण्याचा पेला विचारला नाही, तो आज फिकीर करत होता. ताईबाईला संशय आला तो इथेच.

ऑपरेशनच्या सकाळी ती उपाशीपोटी, साबणाने स्वच्छ न्हाऊन, नखं कापून खाटेवर बसली होती. सिस्टर आली.

"बांगड्या, मंगळसूत्र, टिकली काढून नातेवाईकांकडे द्या, मावशी."

"नातेवाईकेसनीच काढी लिधं शे, सिस्टर. बारा वरीस व्हयनात."

सिस्टरने तिच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली. तेवढ्यात धनसिंग आला. रेशनकार्ड त्याने वॉर्डाच्या दाराशी असलेल्या नूतनच्या टेबलावर ठेवलं, संमतीचा फॉर्म घेतला आणि तो ताईबाईपुढे धरला. त्याखाली घडी घातलेला एक स्टॅम्प पेपर होता. खिशातून त्याने शाईची डबी काढली.

"डॉक्टर घाई करी ऱ्हायनात वहिनी. दोन्ही कागदवर आंगठा दी टाका."

हीच त्याची चूक झाली. ताईबाई बचत गटात सही करायला शिकली होती, आणि सहीबरोबर वाचायलाही. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तिने फॉर्मवर बोट ठेवून वाचलं, "मी... स्वखुशीने... संमती देते." मग नूतनकडून पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. धनसिंगची डबी हातातच राहिली. ताईबाईने खालचा कागद ओढला आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली.

"हक्कसोडपत्र. माझ्या हिश्श्याची जमीन... विहिरीसह... दीर धनसिंग यांना... स्वखुशीने सोडत आहे."

वॉर्डातल्या बायकांनी माना वळवल्या.

"आते सांगा भाऊ, मनी खुशी तुम्ही कव्हय इचारी व्हती?"

"वहिनी, लोके देखी ऱ्हायनात! आंगठा नही, तर कार्ड बी नही!" तो टेबलाकडे धावला.

"कार्डाची नोंद झाली, काका," नूतन शांतपणे म्हणाली. "आणि शुद्धीवर असलेल्या बाईला दुसऱ्याची सही लागत नाही."

ताईबाईने त्या स्टॅम्प पेपरवरच्या 'स्वखुशीने' या शब्दावर कचकन काट मारली आणि कागद नूतनच्या हाती दिला. "पोरी, हाऊ जपी ठेव. तहसीलदारले दावना शे."

स्ट्रेचर आलं. जाता जाता ती दिराकडे वळली. "डॉक्टर म्हने, तीन महिना वजन उचलानं नही. तवलोंग पानी तुम्ही भरा. मंग मी वाटणीना अर्ज करसू."

बरी झाल्यावर तिने तो अर्ज केला. निकाल लागायला दीड वर्ष गेलं, धनसिंगने वकील लावला, पण त्याचाच तो काट मारलेला कागद त्याच्या विरोधात बोलला. विहीर ताईबाईच्या वाट्याला आली आणि विहिरीचं पाणी ज्या पंपाने वर येतं, त्याच्या खोलीला तिने कुलूप घातलं. वाचकहो, तुम्हाला हे कठोर वाटत असेल, तर आपल्या आत्या-काकूंच्या अंगठ्यांचे कागद एकदा काढा, त्यांवरचा तो एक शब्द वाचा आणि मग ताईबाईला बोल लावा.

सुलक्षणा हंडा घेऊन आली तर ताईबाई कुलूप काढते, स्वखुशीने. धनसिंग आला की मात्र तिला किल्ली सापडत नाही.