नवरदेवांनी झिजवलेले खिळे

चौक गावात हायवेच्या कडेला चांगोचा छापखाना होता. शेजारच्या गॅरेजात ट्रकचं इंजिन धडधडलं की इकडे खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांची, घरं थरथरायची. चांगोनं जन्मभर लग्नपत्रिका छापल्या. पुस्तक म्हणून एक नाही. मरण्याआधी एखाद्या पुस्तकावर ‘मुद्रक’ म्हणून आपलं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा होती. मरायची घाई नव्हती, मुद्रक व्हायची होती.

अशात कर्जतचे मोरूमास्तर अकरावीच्या गणिताचं पुस्तक घेऊन आले. पहिलं प्रूफ पाहून त्यांचा चेहरा पडला.

“चांगोशेट, सदिशाचं, म्हणजे व्हेक्टरचं, अक्षर ठळक हवं. बारीक छापलं की ती नुसती संख्या. दिशा जाते तिची.”

“मंग माज्या समद्या पत्रिका बिनदिशेच्याच गेल्या म्हना की.”

“थट्टा नको. जमत नसेल तर पुण्याला देतो.”

चांगो खिळ्यांच्या घरांकडे वळला. ठळक खिळे त्याच्याकडे मराठी होते, इंग्रजी नव्हते. त्यानं शाई वाढवली. मास्तरांच्या सदिशांपैकी पी आणि आर यांची पोटं भरली, क्यूचा तर डागच झाला. खिळ्यांखाली कागदाच्या पट्ट्या सारल्या, तर पानाला भोकं पडली. मग एकच पान दोनदा छापून पाहिलं, तर अक्षरं दुहेरी होऊन डुलू लागली. ते बघून त्याची बायको शकू म्हणाली, “ही अक्षरं ढाब्यावरनं आली काय वो?”

मास्तर हस्तलिखित पिशवीत कोंबू लागले. तेवढ्यात दोरीवर वाळत घातलेल्या एका पत्रिकेवर त्यांची नजर गेली.

“हा काय ठळक बी! हा काय ए! लपवून ठेवता होय?”

“ते ठळक नाय वो, झिजल्यात ते!” चांगो गोंधळून म्हणाला. “आमाला इंग्रजी लागतं ते निस्तं नवरदेवाच्या नावापुढं. बी.ए., बी.कॉम. तेच तेच खिळे दाबून दाबून पसरलेत.”

“आणि पी, क्यू, आर?”

“त्या अक्षरांत आमच्याकडं अजून कुनी पास झालं नाय.”

मास्तर बाकावर टेकले. पी, क्यू, आर ही त्यांची वर्षानुवर्षांची घरची माणसं. शकूनं चहा पुढे केला.

“लग्नात सुनेचं नाव नाय का बदलत, मास्तर? मंग अक्षराचं बदला.”

मास्तरांनी चहा संपवला आणि पेन उघडलं. पी झाला ए, क्यू झाला बी, आर झाला सी. झिजून बुटके झालेल्या खिळ्यांखाली पट्टी सारली, आणि प्रूफ असं उतरलं की मास्तरांना आपलीच समीकरणं वजनदार वाटू लागली.

पुस्तक निघालं. मागच्या पानावर मुद्रक म्हणून चांगोचं नाव होतं, लेखकाच्या नावापेक्षा अंमळ जास्तच ठळक. मास्तरांनी ते पाहिलं आणि चहा मागवला.

जुने खिळे चांगोनं दुसऱ्या आवृत्तीसाठी डब्यात जपून ठेवले आणि पत्रिकांसाठी नवे आणले. लग्नसराईत साजगावचा हिरू धाकट्या मुलाची पत्रिका घेऊन तणतणत आला.

“चांगो, माज्या धाकट्याचं बी.ए. असं रोड का रं? थोरल्याचं कसं ठसठशीत होतं!”

चांगोनं पत्रिका नाकाशी धरली.

“बारीक म्हंजी निस्ती पदवी, दादा. दिशा तुमची सून देईल.”