चंद्रभानभाऊंचा उलटा पंखा

नालवाडीत चंद्रभानला कूलरचा डॉक्टर म्हणत. नोकरी त्याने कारकुनीत काढली आणि त्यातच निवृत्त झाला, पण जीव होता कूलरमध्ये. मार्च लागला की गल्लीतले कूलर त्याच्या अंगणात भरती होत. तपासायची रीत ठरलेली. जुनं गवत काढायचं, नवं भरायचं, पंखा लावायचा, समोर उभं राहून शर्टाची दोन बटणं उघडायची आणि हवा छातीवर घ्यायची. छातीनं पास केलेला कूलर परत येत नाही, असं तो सांगे. यायचे तसे, पण त्याचा दोष तो नळाच्या पाण्यावर ढकली.

म्हणून त्याच्या जुन्या गाडीच्या पंख्याच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या तेव्हा मेकॅनिककडे जायचं त्याच्या मनातही आलं नाही. पंखा तो पंखा. त्याने वायरी जोडल्या, गाडी सुरू केली, समोरच्या जाळीपुढे उभा राहिला आणि बटणं उघडली. हवा भरभरून आली. गरम होती, पण इंजिनाची हवा काही बर्फासारखी यायची नाही. छातीनं गाडी पास केली.

त्यानंतर गाडी उकळायला लागली. पळत असली की काही नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत तापमानाचा काटा मधून हलत नसे. रेल्वेच्या फाटकापाशी रांगेत उभी राहिली की मात्र काटा वर चढायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची.

एरवी त्याने चालवून घेतलं असतं. पण जयंती तोंडावर आली होती. त्याची बायको आनंदाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी बाबासाहेबांच्या मिरवणुकीत पांढरं लुगडं नेसून बायकांच्या पहिल्या रांगेत चालायची. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. घरापुरतं चाला, लांबचा रस्ता नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाडीत बसून मिरवणुकीत यायचं, हे चंद्रभाननं तिच्याकडून मोठ्या मुश्किलीनं कबूल करून घेतलं होतं. आता मिरवणुकीतली गाडी चालते किती? चार पावलं सरकते आणि उभी राहते.

"गाडी उकळली तं मी उतरून पायी चालीन," आनंदाबाईनं सांगून टाकलं. "मंग कोनाचंच आयकनार नाई."

ती बोलली की करायची. चंद्रभानची झोप उडाली. त्याने रेडिएटर धुतला, पाणी बदललं, कूलंट भरलं, कुणीतरी सांगितलं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला, मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं म्हणून नवा बसवला. गाडी इमानदारीनं उकळतच राहिली. शेजारचे भैयाजी कुंपणावरून रोज विचारायचे, "काऊन डॉक्टर, पेशंटचा ताप उतरला का नाई?"

भैयाजींच्या कानावर जाऊ नये म्हणून त्याने गाडी गावातल्या मेकॅनिककडे नेलीच नाही. थेट जामला नेली, हायवेवर, जिथे त्याला कूलरचा डॉक्टर म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या गॅरेजवाल्या राकेशनं गाडी उभ्यानं सुरू ठेवली आणि चहा सांगितला. चहा येईस्तोवर काटा चढला.

"पंखा चालू हाये ना, काकाजी?"

"त्याची फिकरच करू नको. मी सोता जोडला. समोर येऊन हवा तं पाय!"

राकेश समोर आला. हवा लागताच त्याने चहाचा कप खाली ठेवला. बाकड्यावरचं वर्तमानपत्र उचलून एक पान जाळीला लावलं आणि सोडलं. पान उडून चंद्रभानच्या तोंडावर येऊन चिकटलं.

"हे पान जाळीले चिपकाले पाह्यजे होतं," राकेश म्हणाला. "गाडीचा पंखा बाहेरची हवा आत ओढते. तुमचा आतली गरम हवा बाहेर फेकून राह्यला. वायरी उलट्या लागल्या. गाडी पळते तवा समोरचा वारा सांभाळून घेते. उभी राह्यली का गेली कामातून."

चंद्रभाननं तोंडावरचं पान काढलं. "कूलर तं हवा फेकते."

"कूलर माणसाले थंड करते, काकाजी. गाडीच्या समोर कोन बसते?"

राकेशनं दोन वायरींची अदलाबदल केली. दुसरं पान जाळीला लावलं, ते जागच्या जागी चिकटलं. चहा पिऊन, परत एक चहा पिऊन झाला तरी काटा मधेच होता. चंद्रभाननं शर्टाची बटणं लावली.

जयंतीच्या दिवशी गाडीला निळे झेंडे लागले. आनंदाबाई पांढरं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. ऊन मी म्हणत होतं. मिरवणूक सरकायची, थांबायची, ढोल वाजायचे. चंद्रभानचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. काटा हलला नाही. त्याला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने आरशात पाहिलं.

आनंदाबाई काचेला लागून बसली होती. बाहेर पहिली रांग चालली होती आणि तिच्या जागेवर दुसरीच बाई होती. ढोलाच्या ठेक्यावर आनंदाबाईचा पाय सीटखाली हलत होता.

"जराशी तं गरम होऊ द्याची होती," ती पुटपुटली.

चंद्रभानला आधी रागच आला. महिनाभर आपण जिवाचं रान केलं आणि ही बाई मनातून काटा चढायची वाट पाहत होती. मग तिचा हलणारा पाय त्याला पुन्हा दिसला आणि राग कुठच्या कुठे गेला. मिरवणूक जिथे संपायची तो बाबासाहेबांचा पुतळा समोर दिसत होता. घरच्या अंगणाएवढंच अंतर राहिलं होतं.

त्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं.

भैयाजी हजरच होते. "तापली काय, डॉक्टर?"

चंद्रभाननं इंजिनाकडे पाहिलं. इंजिन ठणठणीत होतं. इतका ठणठणीत पेशंट भैयाजींना दाखवायची संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"तापली," तो म्हणाला.

"मी म्हणलंच होतं! कूलर वेगळा, गाडी वेगळी!" भैयाजींनी हे चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं. चारचौघे हसले.

चंद्रभाननं मागचं दार उघडून हात पुढे केला. "उतर. गाडी थंडी होयेपर्यंत चाल थोडी."

बायकांनी रांगेत जागा केली. आनंदाबाई त्याचा हात धरून हळूहळू चालू लागली. पाच-सहा पावलं झाल्यावर त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "काटा तं मधातच होता. म्या पाह्यला."

"समोर पाहून चाल," चंद्रभान म्हणाला.