व्हॉल्व्ह बदलले, आवाज बदलला नाही

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे, व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत तापायच्या तसल्या काचेच्या नळ्यांवर, चालणारा. मित्रांनो, हे नाव ऐकून तुम्हाला वरातीतले भिंतीएवढे स्पीकर आठवले असतील. मी तसला नाही. मी जेवणाच्या डब्याएवढा आहे आणि माझा आवाज एका वेळी एकाच माणसाला ऐकू जातो, तोही त्यानं कानावर हेडफोन चढवला तरच. अशक्त आवाज माझ्याकडे येतो. माझ्या दोन व्हॉल्व्हमधून जाताना तो अंगानं भरतो आणि मग कानापर्यंत पोचतो. एवढंच माझं काम.

माझा जन्म फुलसावंगीचा. तिथे गुलाबसिंग राठोड रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. टिनाच्या छपराखाली, उघड्या अंगानं बसून त्यानं मला एका उन्हाळ्यात बनवलं. भंगारात निघालेल्या रेडिओतून व्हॉल्व्ह जपून काढले, ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार स्वतः गुंडाळली आणि दोन्ही बाजूंना सागाच्या फळ्या लावल्या. प्रत्येक भाग त्यानं गरजेपेक्षा दणकट घातला. "तारा जळाल्या असं कोणी म्हणालं नाही पायजे," असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा व्हॉल्व्हच्या आत केशरी धग उमटली. गुलाबसिंगनं हेडफोन लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

मी त्याच्या मित्रासाठी होतो. त्याचा मित्र म्हणजे धम्मदीप मुनेश्वर. दोघं यवतमाळला आयटीआयमध्ये एकाच बाकावर शिकलेले. धम्मदीपनं राळेगावला घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं होतं. खोलीच्या भिंतींना त्यानं कापसाच्या जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, म्हणजे बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज आत येऊ नये. गुलाबसिंगनं मला त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "भिया, हे बटन अर्ध्याच्या वर कधी नोको नेऊ. कान आपलाच असते."

धम्मदीप हसला. "अबे, मी दहा वर्स ऑर्केस्ट्राच्या स्पीकरपाशी उभा राह्यलो. मले काही होत नाई."

ते वाक्य तेव्हा कोणीच मनावर घेतलं नाही. मीसुद्धा नाही.

मित्रांनो, त्या खोलीतली माझी सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. एप्रिल जवळ आला की भीमगीतांची मंडळं यायची. भजनी मंडळं यायची, लग्नातली गाणी म्हणणाऱ्या बाया यायच्या. धम्मदीप आवाज टिपायचा, संगणकावर नीट करायचा आणि माझ्यातून पुन्हा पुन्हा ऐकायचा. कुणाचा श्वास कुठे तुटला, पेटीची कोणती पट्टी फुसफुसते, सगळं त्याला कळायचं. मग तो गाणाऱ्यालाच हेडफोन द्यायचा. कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, जमनी आजी एकदा आली होती. तिनं स्वतःचं गाणं माझ्यातून ऐकलं, हेडफोन काढून मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "आत कोण गाऊन राह्यलं रे?"

"तूच आजी," धम्मदीप म्हणाला.

"माहा आवाज इतका चांगला हाये?" आजीनं हेडफोन पुन्हा चढवला. मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो नंतर कधी वाटला नाही.

धम्मदीपचं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग मात्र घरचं होतं. त्याची बायको जया महिला मंडळात खंजिरी वाजवायची. मंडळाचं एक गाणं त्यानं टिपलं होतं. त्यात ढोलकी पुढे होती आणि तिच्या मागे जयाच्या खंजिरीच्या पितळी चकत्यांची बारीक किणकिण होती, ताटात मोहरी सांडावी तशी. रोज काम सुरू करताना तो आधी ते गाणं लावायचा. किणकिण कानावर आली की मान हलवायचा आणि म्हणायचा, "हां. आता डब्बा गरम झाला." डब्बा म्हणजे मी; व्हॉल्व्ह नीट तापले की मगच माझा आवाज खुलतो.

मग एका वर्षी तो म्हणाला, "डब्बा गरम नाई झाला अजून."

मी तर कधीचा तापलो होतो. त्यानं बटण थोडं पुढे नेलं. पुढच्या महिन्यात आणखी थोडं. बटणात धूळ बसली असेल म्हणून त्यानं ते उघडून साफ केलं. मग त्याला वाटलं, माझे व्हॉल्व्ह म्हातारे झाले. त्यानं नागपूरहून दुसरे आणवले. ते बसवले त्या दिवशी तो खूश होता. "पाह्य, मोकळा झाला आवाज!" असं जयाला सांगून आला. दोनच दिवसांत पुन्हा कपाळाला आठी. मग रशियन व्हॉल्व्ह आले. मग कुणा जुन्या रेडिओवाल्याकडचे आले. तो एक जोडी काढायचा, दुसरी घालायचा, तेच गाणं ऐकायचा. ही जोडी गोड आहे पण बसकी, ती मोकळी आहे पण कोरडी, असं पुटपुटायचा.

मित्रांनो, व्हॉल्व्ह बदलला की आवाज थोडा बदलतो हे खरं आहे. एखाद्यात ढोलकी घुमते, एखाद्यात गळा जवळ येतो. पण कोणत्याच जोडीनं खंजिरी गिळली नव्हती. ती किणकिण माझ्यातून रोज जशीच्या तशी बाहेर पडत होती. मला ती जाताना कळत होती. हेडफोनपर्यंत पोचत होती. तिथून पुढच्या दोन बोटांच्या वाटेत ती हरवत होती, आणि त्या वाटेवर माझं काहीच चालत नव्हतं. साऱ्या गावाचे आवाज मी मोठे करत होतो, पण मला सांगायची होती ती एक गोष्ट बोलायला मला आवाज नव्हता.

कामावर परिणाम व्हायचा तो झालाच. भजनी मंडळाचे पंजाबराव एका सकाळी मोबाईल घेऊन आले. तोलूनमापून बोलणारा माणूस.

"धम्मदीप, रागावू नोको. पण हे आयक. टाळ कानात सुया टोचल्यावानी लागून राह्यले. पोराईनं दोन मिनिटांत बंद केलं."

धम्मदीपनं ऐकलं. त्याला टाळ बरोबर वाटले. ते पुसट लागतात म्हणून त्यानंच तर ते वाढवले होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, हा डब्बा खराब झाला. हा मले एक आयकवते अन् गाण्यात दुसरंच जाते."

पंजाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपेक्षा मला कुणी भंगारात टाकलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी धम्मदीपनं गुलाबसिंगला फोन लावला. "तुह्या डब्ब्यानं दगा देला, गुलाब."

गुलाबसिंगचे हात आता थरथरत होते, त्याच्याच्यानं काम होत नव्हतं. त्यानं आपल्या मुलाला पाठवलं. पियुष नागपूरला इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात काम करत होता. तो रविवारी एसटीनं आला, आणि येताना स्वतःचा ॲम्प्लिफायर घेऊन आला. तोही व्हॉल्व्हवालाच, पण नवा, कारखान्यात बनलेला. चकचकीत काळा. त्याच्या व्हॉल्व्हखाली निळा दिवा बसवला होता, नुसता शोभेचा. खरं सांगतो, मला तो दिवा आवडला नाही.

"काका, दोघाईची तुलना करू," पियुष म्हणाला. "म्हणजे याच्यात काय बिघडलं ते समजते."

धम्मदीपची मुलगी उर्वशी यवतमाळला कॉलेजात होती, ती सुट्टीला घरी आली होती. तीही टेबलापाशी येऊन बसली. मोठा आवाज कोणालाही चांगलाच वाटतो, म्हणून पियुषनं आधी दोन्हीकडचा आवाज मोजून सारखा केला. मग जयाच्या मंडळाचं गाणं लावलं. धम्मदीपनं भिंतीकडे तोंड करून बसायचं, पियुषनं हेडफोनची वायर कधी माझ्यात तर कधी त्या नव्यात घालायची आणि धम्मदीपनं ओळखायचं, असं ठरलं.

"आता?"

"बसका."

"अन् आता?"

"हाही बसकाच. दोन्हीत खंजिरी नाई ना बे. तुह्या नव्यातही नाई."

पियुष थांबला. त्यानं हेडफोन स्वतःला लावला. मग उर्वशीला दिला. तिनं आधी मला ऐकलं, मग त्या नव्याला.

"बाबा, दोन्हीत हाये," ती हळूच म्हणाली. "नव्यात जास्त टोकदार लागते. आपल्या डब्ब्यात मऊ हाये, ढोलकीच्या मागं. पण हाये."

"कुठी हाये?"

"आता वाजून राह्यली ना, बाबा."

धम्मदीपनं हेडफोन तिच्या हातातून ओढून घेतला. माझ्याकडे वायर होती. मी जेवढं होतं तेवढं सगळं दिलं. मित्रांनो, एक कणही मागे ठेवला नाही. तो ऐकत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

जया दारात चहा घेऊन उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला, आत जाऊन खंजिरी आणली आणि नवऱ्याच्या मागे येऊन त्याच्या कानाचा हेडफोन काढला. त्याच्या उजव्या कानाशी तिनं खंजिरी हलवली. मग चामड्यावर थाप मारली.

"काय आयकू आलं तुमाले?"

"थाप आयकू आली."

"त्याच्या आधी?"

धम्मदीप वळला. जयाचा हात अजून हलत होता, चकत्या थरथरत होत्या. त्यानं त्या चकत्यांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"वाजवून राह्यली का तू?"

जयानं दुसऱ्या हातानं चकत्या घट्ट धरल्या, आणि चहा निवत राहिला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून कान तपासले. कानातल्या बारीक आवाज टिपणाऱ्या नसा मोठ्या आवाजानं मेल्या होत्या. आधी ऑर्केस्ट्राच्या स्पीकरनं आणि नंतर हेडफोननं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं उर्वशी घरी येऊन पंजाबरावांना सांगत होती, तेव्हा मी टेबलावर होतो. आधी ऑर्केस्ट्रानं आणि नंतर हेडफोननं. म्हणजे माझ्यानं. त्याला खंजिरी मिळावी म्हणून मी जो जो जोर लावला, त्या जोरानं मीच ती पुसत होतो.

याहून वाईट एक दुपार पुढे आली. जया शेतात कापूस वेचायला गेली होती, उर्वशी कॉलेजला गेली होती. धम्मदीप एकटाच खोलीत आला. दार लावलं, मला चालू केलं, हेडफोन चढवला आणि तेच गाणं लावलं. बटण अर्ध्यावर नेलं. मग पुढे. मग पार शेवटापर्यंत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो चकत्या शोधत होता.

मला थांबायचं होतं. माझा फ्यूज उडावा, एखादी तार जळावी, व्हॉल्व्ह फुटावा, असं मी मनापासून मागत होतो. पण गुलाबसिंगनं मला फार चांगलं बनवलं होतं. काहीही जळालं नाही. गाणं संपेपर्यंत मी पूर्ण ताकदीनं वाजत राहिलो, आणि त्यानं ते पुन्हा लावलं.

पंजाबराव कशाला तरी आले होते. त्यांना हेडफोनमधला आवाज दाराबाहेर ऐकू आला. त्यांनी दार ढकललं, भिंतीतला प्लग उपटला आणि धम्मदीपच्या शेजारी खाली बसले. "बस झालं, बापा," एवढंच म्हणाले.

आता धम्मदीप कानामागे ऐकू येण्याचं मशीन लावतो. त्यानं बोलणं समजतं, पण गाणं पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं लागतं, असं तो सांगतो. व्हॉल्व्ह बदलायचं त्यानं सोडून दिलं. रेकॉर्डिंगचं काम सुट्टीत उर्वशी करते. ती माझं बटण अर्ध्याच्या खूप खाली ठेवते, मध्येच हेडफोन काढून कानांना विसावा देते. धम्मदीप तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसतो आणि विचारत राहतो.

मागच्या महिन्यात भजनी मंडळाचं नवं गाणं झालं. उर्वशी ऐकत होती.

"पेटी कशी लागते?"

"चांगली. भात्याचा आवाज थोडा येते."

"अन् मागं काय हाये?"

"मागं चिमण्या हाये, बाबा. खिडकी उघडी राह्यलती. काढू का?"

पूर्वीच्या धम्मदीपनं त्या ताबडतोब काढल्या असत्या. आता त्यानं मान हलवली. "राहू दे. किती हाये?"

उर्वशी डोळे मिटून ऐकू लागली, आणि त्या चिमण्या मी तिच्या कानात हळू, जेवढ्या होत्या तेवढ्याच सोडल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानात आता गाणी ऐकायचं लहानसं यंत्र असतं आणि त्याचं बटण तुमच्या बोटाखाली असतं. मी त्याच जातीचा आहे म्हणून सांगतो. आम्ही फार आज्ञाधारक असतो. तुम्ही वाढवाल तेवढं आम्ही वाढतो, तुमचं नुकसान होत असलं तरी वाढतो. 'पुरे' हा शब्द आमच्याकडे नाही. तो तुम्हालाच म्हणावा लागेल, आणि अजून चिमण्या ऐकू येतात तोवरच म्हणावा लागेल.