विहिरीपर्यंतचा दोर

धावजीचा दोरावर जेवढा भरवसा होता, तेवढा माणसांवर कधीच नव्हता. नात जमनी चार वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि त्यात तिचे दोन्ही डोळे गेले. तेव्हा त्याने घराच्या खांबापासून बंजारा तांड्याच्या विहिरीपर्यंत अंबाडीचा दोर ताणून बांधला. दोर धरून जायचं, दोर धरून यायचं. जमनी सतरा वर्षांची झाली तरी तिचं जग त्या दोराएवढंच राहिलं, आणि आपण नातीची केवढी सोय केली म्हणून म्हातारा मिशांना पीळ देत हिंडायचा.

विमलताई लोहाऱ्याला भाड्याच्या घरात आंधळ्या तरुण पोरापोरींचा वर्ग चालवत. तिथे बोटांनी वाचायला आणि वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. जमनीला वर्गात घालावं म्हणून त्या दोनदा येऊन गेल्या होत्या आणि धावजीने त्यांना दोनदा चहा पाजून वाटेला लावलं होतं. एकसष्ट सालच्या माघात त्या तिसऱ्यांदा आल्या, त्या तीन विद्यार्थी घेऊन. श्रावण, देवसिंग आणि कोकिळा, तिघंही ठार आंधळे. कळंबला यष्टीतून उतरून चालत आलेले. त्यांना तांड्यामागचा डोंगर चढायचा होता.

आंधळ्यांनी डोंगर कशाला चढायचा, असं धावजीने विचारलंच. श्रावण हा त्यांच्यातला बोलका. तो म्हणाला, "बाबा, डोंगर मोठा असते म्हंतेत. किती मोठा, ते कोणी सांगून समजत नाही. चढूनच पाहा लागते."

 ती वाट धावजीइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. लहानपणी बापाच्या लदेणीबरोबर, म्हणजे मीठ आणि धान्य लादलेल्या बैलांच्या काफिल्याबरोबर, तो त्याच वाटेने डोंगर ओलांडायचा. विमलताईंनी हे बरोबर हेरलं होतं. तो उगाच आढेवेढे घेत होता, तेवढ्यात दोर धरून उभी असलेली जमनी म्हणाली, "मले बी जाचं आहे."

अखेर धावजीने अट घातली. जमनीने त्याच्या कमरेला बांधून घेऊन चालायचं, आणि तिचा पाय एकदा जरी घसरला तरी लोहाऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. जमनीने मान डोलावली.

विमलताईंनी नवाकोरा दोर आणला होता. त्यांनी आपल्या तिघांना एकामागे एक बांधलं. पहिल्याच चढणीला, मोहाच्या झाडाजवळ, कोकिळाचा पाय मुरमावरून सटकला. तिने देवसिंगला ओढलं, देवसिंगने श्रावणला, आणि तिघंही गुडघे फोडून घेत खाली आले. धावजीचा पारा चढला. ताईंचा मान वगैरे तो साफ विसरला.

"सोडा तो दोर. आमी बैल कधी एकमेकाले बांधले नाही. एक घसरला का साऱ्यायले घेऊन जाते."

मग त्याने लदेणीची रीत सांगितली. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटी असते. मागचे तिच्या आवाजावर चालतात आणि आपला पाय आपण जपून टाकतात. पुढच्या बैलाने मागे पाहायचं नसतं, कारण तो थबकला की घंटी थांबते आणि मागच्यांची वाट हरवते. बापाच्या बैलाची पितळी घंटी त्याच्या काठीलाच होती. खरं तर ती त्याने मिरवायला आणली होती. आता तो ती वाजवत पुढे झाला.

आणि ती पोरं चढू लागली. श्रावण दगडावर थाप मारून तो पक्का की पोकळ ते सांगायचा. कोकिळा पायाच्या अंगठ्याने खाच शोधायची आणि मागच्याला कळवायची. ज्या खडकावर डोळस माणूस खाली पाहून थिजतो, तिथे ती पोरं हातांनी खडक चाचपत, न गडबडता, एकेक पाऊल वर येत होती. धावजीला त्यांचं कौतुक वाटत होतं, पण कमरेचा दोर त्याने सोडला नव्हता. त्याच्या दुसऱ्या टोकाला जमनी होती.

माथ्याखाली वाट हातभर उरते. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला नुसता कडा. इथे बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून माणसं डोक्यावर न्यायची. तिथे पोचल्यावर धावजीला कमरेशी हिसका जाणवला. जमनी गाठ सोडत होती. तांड्यात आजोबाला दादा म्हणतात. ती म्हणाली, "दादा, बैलाले बांधत नाही म्हणला ना तू? मी घसरली त तुले घेऊन जाईन."

तेरा वर्षं तो तिला सांभाळत होता. तीही त्याला सांभाळू शकते, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो घंटी वाजवत निघाला. घंटीच्या आवाजात मागचं काही ऐकू येईना. दहा पावलांवर त्याला राहवेना, तो थांबला आणि मान वळवू लागला.

"दादा, घंटी काहून थांबली?" मागून जमनी शांतपणे म्हणाली. "चाल."

तो चालला. घंटी त्याने एका लयीत वाजवली. साठ पावलांची ती वाट, पण इतका तो उभ्या जन्मात भ्याला नव्हता. सपाटीवर पाय पडताच तो गर्रकन वळला. जमनी त्याच्यासमोर उभी होती. तळहात सोलवटलेले, कपाळाला माती. तिच्यामागून एकेक करून बाकीचे आले, शेवटी विमलताई.

 जमनीने मान हळूहळू चहूकडे फिरवली, मग वर केली.

"दादा," ती कुजबुजली, "सारे आवाज खाली राह्यले."

गुरांच्या गळ्यातल्या घंट्या, कुठेतरी तुरी बडवल्याचा आवाज, कळंबच्या रस्त्यावरचा यष्टीचा भोंगा, सगळं पायाखालून येत होतं. वर फक्त वारा होता. श्रावण मटकन खाली बसला आणि दोन्ही हात जमिनीला लावून म्हणाला, "एवढा मोठा असते तर!" धावजी या माथ्यावर शंभर वेळा आला असेल. त्याने इथून मुलूख पाहिला होता, पण ऐकला कधीच नव्हता. त्याने डोळे मिटले आणि कान दिला. या पोरांपुढे आपण फार थोडं पाहिलं, असं त्याला मनापासून वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमनीची आई सुखीबाई पाण्याला निघाली, तर खांबापासून विहिरीपर्यंतचा दोर गायब. दोर कोणी चोरला म्हणून तिने साऱ्या तांड्याला ऐकवलं. धावजी अंगणात जमनीच्या वळकटीवर गुडघा रोवून बसला होता. लोहाऱ्याला जायचं तर वळकटी पक्की बांधायला हवी, एवढंच तो म्हणाला.

जमनीने वळकटीवरून हात फिरवला. तेरा वर्षं हाताखालून गेलेला दोर तिने लगेच ओळखला. मग तिने वळकटी डोक्यावर घेतली आणि विचारलं, "यष्टी किती वाजता येते, दादा?"