निशाणी बारा

नाशिकच्या दिवाणी कोर्टात पुंजारामची अठ्ठावीस वर्षं गेली, पण डब्याला बोलवावं असा एक माणूस त्याला तिथे जोडता आला नाही. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मधल्या सुट्टीत हा बेंच क्लार्क फायलींच्या लाल बस्त्यांशेजारी बसून डबा खाई आणि खिडकीतून कडुनिंबाखालची जेवणं बघत राही. बघण्यासारखी जोडी एकच होती, गोजराबाई आणि तिचा भाऊ सहादू. आणि ही दोघं एकमेकांविरुद्धच दावा लढवत होती!

बाप धोंडीराम मरताना साध्या कागदावर अंगठा देऊन विहिरीजवळचा तुकडा लेकीच्या नावे करून गेला होता. सहादूला ते मान्य नव्हतं. गावात तो बहिणीच्या सावलीलाही उभा राहत नसे. पण तारखेला, ओळखीचं कुणी आजूबाजूला नसताना, दोघं एकाच फडक्यातली भाकरी खात. पुंजारामला त्यांचा हेवा वाटे. त्याच्याशी भांडणारंसुद्धा कुणी उरलं नव्हतं.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत न्यायाधीश साहेबांनी तो कागद मागितला. फाइलमध्ये निशाणी अकरा होती, तेरा होती, बारा, म्हणजे तोच अंगठ्याचा कागद, नव्हती.

गोजराबाईचे वकील कोटाच्या आत फुगले. "कुई बोनो, साहेब! रोमन लोक सांगून गेलेत, गुन्हा झाला की आधी विचारा, फायदा कोणाचा? कागद गेला तर जमीन सहादूची. आणि फाइल कुणाच्या ताब्यात होती?"

त्यांना लॅटिनचे तेवढेच दोन शब्द येत असावेत, पण ते नेमके पुंजारामच्या मानेवर बसले. साहेब म्हणाले, "पुंजाराम, चारपर्यंत कागद मिळाला नाही, तर लाचेची चौकशी लावीन."

चौकशी म्हणजे नोकरी गेली. नोकरी सोडून त्याच्याकडे होतं तरी काय? रविवार कसा ढकलावा हेच त्याला कळत नसे.

त्याने सगळे बस्ते सोडले, झटकले, बांधले. मग त्याला मागची तारीख आठवली. "बापाचा अंगठा एकवार बघू द्या," असं गोजराबाई म्हणाली होती. अर्ज नाही, कोर्ट फीचं तिकीट नाही, तरी तो विरघळला आणि तिच्यापुढे फाइल उघडली. तेवढ्यात साहेबांची घंटा वाजली आणि तो आत गेला. पण जिंकून देणारा कागद तीच कशाला चोरेल?

त्याने खिडकीतून पाहिलं. सहादू जेवत होता आणि गोजराबाई स्वतःचा घास हातात धरून त्याच्याकडे बघत होती. फायदा कोणाचा, ते पुंजारामला तिथेच कळलं.

सहादू हात धुवायला नळावर गेला, तसा तो तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला.

"आक्का, कागद."

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "कागद न्हाई तवर निकाल न्हाई. निकाल लागल्यावर ह्यो माझ्यापाशी बसंल का? आठ वरसं झाली साहेब, तारखेपुरता तरी भाऊ हाय मला."

"माझी नोकरी जाईल, आक्का."

तिने नळाकडे एकदा पाहिलं, मग चंची उघडली. पानांखाली घडी होती, कडेला कात लागलेली. "तुमच्या पोटावर पाय नको."

कागद दुसऱ्या बस्त्यात अडकला होता, असं पुंजारामने साहेबांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो कोर्टात खोटं बोलला. महिन्याने निकाल लागला. गोजराबाई जिंकली. सहादू तिच्याकडे न बघता निघून गेला.

एप्रिलमध्ये मधल्या सुट्टीत ती पुन्हा कडुनिंबाखाली दिसली. फडक्यात दोघांच्या भाकरी होत्या.

"आता तारीख नाही, आक्का," पुंजाराम म्हणाला.

"ठावं हाय. पर एकदा पुकारा करा ना. कोर्टाच्या हाकेला यायचा त्यो."

पुकारा करणं शिपायाचं काम. तरीही पुंजाराम व्हरांड्यात उभा राहिला आणि नियमाप्रमाणे तीनदा ओरडला, "सहादू धोंडीराम, हाजिर!" दोन पक्षकारांनी माना वळवल्या. फाटकातून कुणीच आत आलं नाही.

गोजराबाईने भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्यापुढे सरकवली. "बसा, साहेब."

पुंजाराम बसला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी जेवायला बसवत होतं. बहिणीचा भाऊ गेला, भावाची जमीन गेली. फायदा झाला तो एकट्या पुंजारामचा. आणि आता सहादूची भाकरीही त्याच्याच हातात होती.