लाइन खाली असेल तेव्हाच

क्षितिजाला स्वतःच्या मराठीचा भारी तोरा. साताऱ्याहून इंदूरला येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते, पण तेवढ्यात तिने कुणाकुणाचं मराठी दुरुस्त केलं नाही ते विचारा! घरमालकीण प्रेमलताकाकूंची पलक म्हणाली, "दीदी, मी तर जाऊन राहिली आहे," की हिचं लगेच, "जाऊन राहिली नाही गं, जातेय म्हण." पलक वीस वर्षांची, खिदळत सुटायची. इंदूरची माणसं मुळातच गोड, हसून सोडून देतात. ऑफिसातले अप्पाजी तेवढे हसायचे नाहीत. नुसतं ऐकून घ्यायचे.

अप्पाजी म्हणजे अप्पासाहेब मतकर. यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. घरात बोलणं मराठीच, पण पिढ्यानपिढ्या माळव्यात राहून त्या मराठीत हिंदी अशी मुरलेली, की लोणच्यातलं मीठ वेगळं काढून दाखवा म्हणावं. इंदूरला लागून असलेल्या राऊ गावातल्या ज्या छोट्या कंपनीत क्षितिजा लागली, तिथे तीस वर्षं काम करून ते जूनमध्ये रिटायर झाले.

कंपनी पुराचा इशारा देणारी यंत्रं बनवायची. त्यातलं एक कजलीकुंडावर होतं. धबधब्याखालचं कुंड ते, रविवारी निम्मं इंदूर तिथे पाण्यात पाय सोडून बसलेलं. नदीच्या वरच्या अंगाला बोरखेडीचा पूल, पुलाशेजारी एक खोली आणि खोलीत यंत्र. पाणी चढलं की ते यंत्र रेडिओवरून निरोप धाडणार आणि खाली कुंडावर सायरन वाजणार. यंत्र आणि रेडिओ यांच्यामध्ये एक सीरियल पोर्ट होता. एका तारेवरून एकामागून एक अक्षर ने-आण करणारं दार म्हणा ना. ते दार बंद, तर सगळंच मुकं.

जुलैत वीज पडून वरचं यंत्र जळालं. नवं बसवायचं, तर पोर्ट चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, क्षितिजाने नव्याने लिहायला घेतला. आता गोम अशी, की त्या पोर्टच्या चिपमध्येच जन्मजात दोष होता. चुकीच्या क्षणी चालू केला, की पोर्ट बसायचा तो बसायचाच. ना ऐकायचा, ना बोलायचा. दुसरी चिप मिळत नव्हती, म्हणून अप्पाजींनी जुन्या ड्रायव्हरमध्येच पळवाट काढली होती आणि तिच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली होती:

'चिप में खोट आहे. लाइन खाली असेल तेव्हाच पोर्ट चालू करणे, वरना बसून जाईल.'

ते वाचून क्षितिजा एकटीच हसली होती. 'चिप में' काय, 'वरना' काय! तिने ओळ स्वच्छ केली. 'में'चं 'मध्ये' केलं, 'खोट'चा 'दोष' केला, 'वरना'चं 'अन्यथा' केलं. 'खाली'ला मात्र हात लावला नाही. तो शब्द तिला आपलाच वाटला.

तारेवरची अक्षरं जातात ती विजेच्या वर-खाली होण्यातून. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. म्हणून तिने लिहिलं, लाइन शून्यावर आली की पोर्ट चालू कर. मनात एकदा आलं, हे जरा उलटंच दिसतंय. पण चिपच खोटी, तर उपायही उलटाच असणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली. टेबलावर वीसदा तपासलं. अठरा वेळा चाललं, दोनदा पोर्ट बसला. वायर ढिली असेल, म्हणाली. अप्पाजींना एक फोन करायचा होता, पण विचारायला जीभ रेटेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

शुक्रवारी यंत्र बसवलं. शनिवारी कुंडावरून तक्रार आली, वरून काही ऐकूच येत नाही. रविवारी सकाळी क्षितिजा ऑफिसची गाडी घेऊन निघाली, तर पलक मागे लागली. तिच्या मैत्रिणी कुंडावर येणार होत्या. प्रेमलताकाकू नको म्हणत होत्या. क्षितिजाच म्हणाली, "जाऊ द्या हो काकू. वर मी स्वतः बसलेय, सायरन माझा आहे. पाणी वाढलं तर सगळ्यांच्या आधी मला कळेल."

आता बघा, माणसाने बोलावं तरी किती!

पलकला कुंडावर सोडून, डोंगराला वळसा घालून क्षितिजा पुलावर पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. पुलाचा चौकीदार रघुवीर तिथल्याच गावचा, पन्नाशीचा, फारसा न बोलणारा. त्याने खोली उघडून दिली. पोर्ट बसला होता. तिने यंत्र बंद करून चालू केलं. बसलेलाच. पुन्हा केलं. तेच. डोक्यावर आभाळ नुसतं मळकं होतं, पण वरच्या डोंगरात केव्हापासून गडगडत होतं. एकेक वायर काढून पुन्हा खोचण्यात तिचा अर्धा तास गेला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रघुवीर दारात आला. "मैडम, पानी चढ रिया है."

ती बाहेर आली. पुलाच्या खांबावर एक पांढरा पट्टा होता आणि वर हातभर अंतरावर लाल. येताना पांढरा पट्टा कोरडा होता. आता तो दिसतच नव्हता. पाणी गढूळ झालं होतं आणि त्यात अख्खी झुडपं वाहत येत होती.

"कुंडावर किती वेळात जाईल हे?"

"पच्चीस मिनट. ज्यादा से ज्यादा."

"आणि आपण गाडीने?"

"घाट से पौन घंटा."

मोबाइलला टॉवर नाही. रस्ता पाऊण तासाचा. खाली दोन-अडीचशे माणसं, आणि त्यांत पलक, सायरन दीदीचा आहे म्हणून निर्धास्त बसलेली. त्यांच्यापर्यंत जाणारी एकच वाट होती, आणि ती या बसलेल्या पोर्टमधून जात होती.

"टेकडीवर कधी कधी एक काडी मिळते टॉवरची," रघुवीर मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला आणि तिचा फोन घेऊन धावला.

ती आत आली. यंत्र बंद, चालू. बसला. बंद, चालू. बसला. प्रत्येक खेपेला चाळीस सेकंद. ऑफिसात विसात अठरा वेळा चालणारा पोर्ट इथे एकदा उठायला तयार नव्हता. का? तिने लॅपटॉपवर लाइनचा आलेख लावला. वर-खाली, वर-खाली, नुसती खिचडी. प्रत्येक विजेसरशी रेडिओ तारेवर कचरा ओतत होता. ऑफिसात लाइनवर एखादंच अक्षर येऊन जायचं, पोर्ट बहुतेकदा निभावून न्यायचा. इथे तिला दम नव्हता.

अकरा वीस. रेडिओ काढावा का? मग निरोप कशावरून धाडणार? चिप बदलावी? दुसरी आहे कुठे! तिने अप्पाजींची जुनी फाइल उघडली आणि ती ओळ पुन्हा वाचली. लाइन खाली असेल तेव्हाच. अहो अप्पाजी, तेव्हाच तर करतेय! खाली आली की त्याच क्षणी चालू करतेय, तरी बसतोय मेला! तिला रडू फुटलं. राग अप्पाजींचा आला, चिपचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. प्रेमलताकाकूंना काय तोंड दाखवणार होती ती?

तेवढ्यात टेकडीवरून रघुवीरचा आवाज आला. फोन लागला होता! कुंडावरच्या गार्डशी तो जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"अरे शिवलाल! कुंड खाली करा! सुन रिया है? खाली! सबको निकाल, पूरा खाली करा! हेलो? हेलो!"

फोन तुटला. रघुवीर पुन्हा पुन्हा लावत राहिला. त्याला पलीकडचं काहीच ऐकू आलं नव्हतं.

क्षितिजा मात्र जागच्या जागी थिजली होती.

कुंड खाली करा.

खाली. म्हणजे खालची बाजू नाही. खाली म्हणजे रिकामं. रोज ऐकत होती ती हे. सिटी बसमध्ये 'ये सीट खाली है', सराफ्यातल्या खाऊगल्लीत 'टेबल खाली होने दो मैडम'. हिंदीत ऐकलं की तिला बरोबर कळायचं. पण अप्पाजींची ओळ मराठीत होती, म्हणून तिने ती साताऱ्याच्या कानांनी वाचली. अप्पाजी सांगत होते, लाइन रिकामी असेल तेव्हाच पोर्ट चालू करा. तारेवरून कुणी बोलत नसेल तेव्हा. आणि कुणी बोलत नसेल, तर तार शून्यावर नसते. ती वर असते, एकवर. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे!

म्हणजे ती नेमक्या उलट्या क्षणी पोर्ट चालू करत होती. कुणीतरी बोलत असताना, शब्दाच्या मध्येच. वाट काढली होती म्हाताऱ्याने, आणि हिने तीच वाट दगड रचून बुजवली होती. वर व्याकरणही सुधारलं होतं.

"अगं मूर्ख बाई!" ती मोठ्याने म्हणाली.

शून्याच्या जागी एक. एवढंच. एक आकडा खोडला, एक लिहिला. पुढे अप्पाजींच्या फाइलीत होती तशी अट जोडली, की लाइन दोन अक्षरांएवढा वेळ सलग शांत राहिली पाहिजे. प्रोग्रॅम यंत्रात चढवायला लावला. पडद्यावरची पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. तीस. बाहेर रघुवीर टेकडी उतरून येत होता, तोंड पांढरं पडलेलं. "लाल पट्टा भी गया मैडम."

अकरा सत्तावीस. प्रोग्रॅम चढला. यंत्र सुरू झालं आणि वाट बघू लागलं.

लाइन रिकामी होईना. वर गडगडलं की तारेवर कचरा. जरा थांबलं की पुन्हा कचरा. यंत्र शहाण्यासारखं थांबून होतं, आणि यावेळी त्याचं थांबणंच बरोबर होतं. क्षितिजाला ते कळत होतं आणि सोसवत नव्हतं. तिने टेबलाची कड घट्ट धरली. आयुष्यात देवाला कधी काही मागितलं नव्हतं तिने. "एक क्षण," ती पुटपुटली, "एकच क्षण गप्प बस रे बाबा."

आलेख आडवा झाला. सरळ रेघ. पोर्ट उठला.

तिने निरोप सोडला. तीन सेकंदांनी खालून उत्तर आलं, पडद्यावर दोन शब्द: सायरन चालू.

अकरा एकोणतीस. पाण्याला पोचायला अजून सहा मिनिटं. रघुवीर मटकन उंबऱ्यावर बसला. जीव भांड्यात पडावा, पण तिचा काही पडेना. सायरन वाजला म्हणजे माणसं उठली असं थोडंच असतं!

घाटातून गाडी तिने कशी हाणली, ते तिचं तिलाच माहीत. शेजारी बसलेला रघुवीर एका हाताने दार धरून बसला होता, दुसऱ्या हाताने फोन लावत होता. अर्ध्या वाटेत टॉवर आला आणि शिवलालचा आवाज आला. सगळे वर आलेत. शेवटचे लोक पायऱ्या चढले आणि दोन मिनिटांनी पाणी आलं. फोनवर नुसती खरखर आली होती, तो म्हणाला. उठवलं ते सायरनने.

कुंड ओळखू येत नव्हतं. ज्या खडकांवर सकाळी चादरी पसरल्या होत्या, ते खडकच नव्हते. तपकिरी पाणी धडाधडा आपटत होतं. माणसं वरच्या कठड्याशी दाटीने उभी होती, मुलांना कडेवर घट्ट धरून. पलक धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली. मग भोवतीच्या सगळ्यांना ओरडून सांगायला लागली, "हीच माझी दीदी! हिनेच वाजवला सायरन!" लोक वळले. एका आजोबांनी हात जोडले. कुणीतरी मूठभर शेव-परमल, म्हणजे तिकडचे शेव-मुरमुरे, हातात कोंबले. "क्या बात है मैडम, जान बचा ली आपने!"

क्षितिजाला ते ऐकवेना. तिने पलकला बाजूला ओढलं.

"मी नाही वाचवलं पलक. सायरन बंद होता, तो माझ्यामुळे. अप्पाजींनी बरोबर लिहिलं होतं, मी उलटं वाचलं. पाणी चढताना बघत होते आणि वीस मिनिटं मला काही करता आलं नाही. तू त्या खडकावर होतीस."

पलकने पाण्याकडे पाहिलं, मग क्षितिजाकडे. रंग उतरला तिचा. "मी तर कानांत गाणी लावून पडली होती," ती हळूच म्हणाली. "सायरन वाजला म्हणून उठले. पाणी तर तेव्हा घोट्याएवढंच होतं, दीदी."

मग पलकने तिचा हात धरला.

"मम्मीला नको सांगू हं," ती म्हणाली. "ती तुला घरातून काढून टाकेल."

"काढू दे," क्षितिजा म्हणाली. "चल, घरी जाऊ. आधी तिलाच सांगायचंय."